रजेवर आलेला जवान आणि तहसील कचेरी

दरवर्षी ७ डिसेंबर हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. १९४९ पासून ही प्रथा चालू आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून निधिसंकलनाची उद्दिष्टे ठरविली जातात, ती खात्यांमध्ये वाटून दिली जातात, कचेऱ्यांतील कारकून आणि शाळांतील शिक्षक आपापला वाटा देतात, विद्यार्थी छातीवर कागदी झेंडे लावून मिरवितात. जिल्हाधिकाऱ्यांच्या हस्ते वीरनारींचा आणि वीरमातांचा सत्कार होतो. वाशिम जिल्हाही याला अपवाद नाही. या समारंभात खोटे असे काही नसते. देणाऱ्यांची भावनाही प्रामाणिकच असते. तथापि सैनिकाशी असलेले समाजाचे नाते एवढ्यावरच संपते काय, हा प्रश्न आता विचारणे भाग आहे. कारण जे सैनिक रणांगणावर न पडता स्वतःच्या हाताने आयुष्य संपवितात, त्यांचा उल्लेख या समारंभात कोणी करीत नाही. गावातही त्यांच्याविषयी दबक्या आवाजातच बोलले जाते.

त्यांची संख्या थोडी नाही. जुलै २०२२ मध्ये संरक्षण खात्याने राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार आधीच्या पाच वर्षांत तिन्ही सेनादलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ६४२ भूदलातील, १४८ हवाई दलातील आणि २९ नौदलातील होते. केंद्रीय राखीव पोलीस, सीमा सुरक्षा दल इत्यादी निमलष्करी दले यात धरलेली नाहीत. त्या दलांत २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ६५४ आत्महत्या झाल्याचे गृहखात्याने संसदेत सांगितले आहे. भूदलाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार २००१ पासून दरवर्षी सरासरी १०० ते १४० सैनिक अशा रीतीने गमावले जात आहेत. शत्रूशी समोरासमोर युद्ध नसतानाची ही हानी आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. चौदा लाखांच्या आसपास संख्या असलेल्या सेनादलात वर्षाला दीडशेच्या आगेमागे आत्महत्या म्हणजे दर लाखामागे अकरा-बारा. देशातील सर्वसामान्य प्रमाणही जवळजवळ तेवढेच आहे, मग एवढी चिंता कशासाठी? हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष फसवा आहे. सैन्यात जाणारा तरुण निवडून घेतलेला असतो. त्याचे शरीर तपासलेले असते, त्याला नियमित पगार असतो, अन्नवस्त्राची ददात नसते, बेकारी नसते आणि चोवीस तास सोबती असतात. आत्महत्येची जी कारणे गावात आणि शहरात सर्वसाधारणपणे दिसतात, त्यांपैकी निम्मी तरी त्याच्या बाबतीत उरत नाहीत. असे असूनही प्रमाण सर्वसामान्यांइतकेच राहत असेल, तर काहीतरी बिघडले आहे हे कबूल केलेच पाहिजे. युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या दिल्लीच्या जुन्या संस्थेने निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचे अनुमान एका अभ्यासात काढले होते. लष्कराने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला आणि २०२१ च्या प्रारंभी तो अभ्यास संस्थेच्या संकेतस्थळावरून काढून घेण्यात आला. पद्धत सदोष असेलही. परंतु त्या जागी निर्दोष पद्धतीचा दुसरा अभ्यास लोकांसमोर यावयास हवा होता.

मग कारणे कोणती? सरकारने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांत घरगुती अडचणी, वैवाहिक कलह, आर्थिक विवंचना, आजारपण, जमिनीचे तंटे ही कारणे पुनःपुन्हा येतात. माणूस आयुष्य संपवितो तो कोणत्याही एका कारणाने नव्हे, अनेक दुःखे एकत्र साचत जातात, हे मानसशास्त्र सांगतेच. वरिष्ठांची वागणूक, रजेची टाळाटाळ, अपुरी झोप, सततची नेमणूक यांचाही त्यात भाग असतो, आणि सरकारी उत्तरांत तो बहुधा सौम्य शब्दांत येतो. कारण घरचे आहे, नोकरीचे नाही, असे म्हणून सुटका करून घेण्याचा मोह दिल्लीला होत असेल तर तो समजण्यासारखा आहे. परंतु ते विधान अक्षरशः खरे मानले तरी त्यातून एक गोष्ट आपोआप निष्पन्न होते. दुखणे जर घरचे असेल, तर निम्मे औषधही घराजवळच असले पाहिजे. ते पलटणीत नाही, जिल्ह्यात आहे. आणि अनेक वेळा तर ते तालुक्याच्या कचेरीत, एखाद्या टेबलावरच्या फायलीत पडलेले असते.

या दृष्टीने वाशिम जिल्ह्याकडे पाहण्यासारखे आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहा तालुक्यांचा. सोयाबीन, तूर, कापूस; बहुतेक शेती पावसावर. मोठे कारखाने नाहीत. नीती आयोगाने आकांक्षित म्हणून जे जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत, त्यांपैकी वाशिम एक. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात ज्या सहा जिल्ह्यांची नावे एका दमात घेतली जातात आणि ज्यांच्यासाठी २००६ साली पंतप्रधानांनी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांतही वाशिम आहेच. अशा जिल्ह्यातील मुलाला बारावीनंतर जी दोन-तीन दारे उघडी दिसतात, त्यांत सैन्य आणि पोलीस ही प्रमुख. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी पोरे या भागात नवीन नाहीत.

म्हणजे शेतकरी आणि सैनिक ही दोन वेगळी माणसे नाहीत. ते एकाच घरातले दोन भाऊ आहेत. एक धुऱ्यावर उभा आहे, दुसरा सीमेवर. सोयाबीनचा भाव कोसळला की शेतीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी पगारदार भावाकडे येते. बहिणीचे लग्न, वडिलांचे ऑपरेशन, विहिरीचे काम, सगळे त्याच्याच नावावर मांडले जाते. शेतकऱ्याच्या दुःखाविषयी सरकारने आयोग नेमले, विद्यापीठांनी प्रबंध लिहविले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. त्याच दुःखाचा दुसरा वारस हजार-दीड हजार मैलांवर बंदूक घेऊन उभा आहे, याचा विचार मात्र त्यांत क्वचितच आला.

पूर्वी घरचे पत्र पोचावयास आठ-दहा दिवस लागत. वाईट बातमीही वाटेत थोडी शिळी होई आणि तिची धार कमी होई. आता तसे राहिलेले नाही. भावाने धुरा कोरला, चुलत्याने पांदण अडविली, सुनेचे आणि सासूचे बोलणे झाले, बँकेचा माणूस दारात येऊन गेला, की त्याच रात्री जवानाच्या कानावर ते जाते. कधीकधी भांडण चालू असतानाच तो ते फोनवर ऐकत असतो. बातमी क्षणात पोचते, पण माणूस पूर्वीइतक्याच सावकाश पोचतो. रजा मंजूर व्हावयाची, पहाडातून खाली उतरावयाचे, गाडी पकडावयाची, अकोल्याला उतरून वाशिमकडे यावयाचे. ऐकता सगळे येते आणि करता काही येत नाही, हीच आजच्या सैनिकाच्या मनाची सर्वांत मोठी कोंडी आहे.

भूदलातील जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. कागदावर ती पुष्कळ वाटते. परंतु ती एकदम मिळत नाही, हवी तेव्हा मिळेलच असे नाही, आणि मिळाली की तिचे दिवस कुठे जातात हे महसूल खात्यातील कोणत्याही कारकुनाला विचारावे. जमिनीची मोजणी करावयाची तर भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून तारखेची वाट पाहावयाची. वारसाची नोंद घ्यावयाची तर फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस. हरकत आली तर सुनावणी. अडविलेल्या रस्त्याविषयी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. तेथेही तारीख, मग पुढची तारीख, मग साहेब दौऱ्यावर. यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. कचेरीत माणसे कमी आहेत, कामे फार आहेत, निवडणुका आहेत, पंचनामे आहेत. पण गावात राहणारा माणूस पुढच्या सोमवारी पुन्हा येऊ शकतो. रजेवर आलेल्याला पुढचा सोमवार नसतो. प्रतिपक्षालाही हे ठाऊक असते. तो रजा संपण्याची वाट पाहत स्वस्थ बसतो.

कायदा करणाऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते, हे आज सांगितले तर आश्चर्य वाटेल. १९२५ चा भारतीय सैनिक (दावे) अधिनियम आजही अस्तित्वात आहे. युद्धाच्या अथवा विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध दावा निकालात निघू नये, हा त्याचा हेतू. आपल्या जिल्ह्यातील सैनिक चालू दाव्यात हजर राहू शकत नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटल्यास त्यांनी तसे न्यायालयाला प्रमाणपत्राने कळवावे, अशी तरतूद त्यात आहे. काम तहकूब करण्याची तरतूद आहे. मुदतीच्या हिशेबातून त्याच्या सेवेचा काळ वगळण्याचीही आहे. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षपदही जिल्हाधिकाऱ्यांकडेच असते. म्हणजे अधिकार आणि जबाबदारी दोन्ही एकाच खुर्चीत आहेत. तथापि हा कायदा किती सैनिकांना माहीत आहे, किती वकिलांना आठवतो, आणि असे प्रमाणपत्र देण्याची वेळ जिल्हाधिकाऱ्यांवर कितीदा येते?

मध्यंतरी काही हालचाल झाली. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ साली राज्याच्या काही जिल्ह्यांत 'अमृत जवान' अभियान राबवून सैनिकांची आणि माजी सैनिकांची महसूल, पोलीस व जिल्हा परिषदेकडील प्रकरणे निकालात काढण्याचा प्रयत्न करण्यात आला. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू करून सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदेविषयक मदत केंद्रे उघडण्याचे ठरविले. दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. पण अभियान म्हटले की त्याला आरंभाची आणि समाप्तीची तारीख आली, आणि धुऱ्याचे भांडण तारीख पाहून होत नाही. वाशिमच्या सहाही तहसील कचेऱ्यांत सेवेतील सैनिकांच्या अर्जांची वेगळी नोंदवही असावी, अर्जदाराच्या रजेची अखेरची तारीख अर्जावरच लिहिलेली असावी आणि सुनावणी त्या तारखेच्या आत लागावी. यासाठी नवा कायदा नको, नवे पद नको. एका परिपत्रकाचे काम आहे. यात पक्षपात होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. निकाल सैनिकाच्या बाजूने लावा असे कोणी म्हणत नाही. तो उभा असताना लावा, एवढेच.

लष्कराच्या बाजूचे जे निम्मे औषध आहे, त्याबाबतही स्पष्ट बोलले पाहिजे. सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ठरविताना 'शेप' नावाची पद्धत वापरतात. त्यातील पहिलेच अक्षर मानसिक प्रकृतीचे आहे. श्रवण, हातपाय, शरीर, दृष्टी ही त्यानंतर येतात. पहिले स्थान मनाला दिले हे तत्त्वतः योग्यच. परंतु श्रेणी खाली आली की बढती, प्रशिक्षण, नेमणूक या सर्वांवर परिणाम होतो, हे प्रत्येक जवान जाणून असतो. पाय मोडला तर तो दाखवितो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, जगणे नकोसे वाटते, हे तो दाखवीत नाही. दाखविले तर 'कॅटेगरी' लागेल, आणि ती लागली की पलटणीत आणि गावात एकच शब्द उच्चारला जाईल. तो शब्द येथे लिहिण्याची गरज नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. समुपदेशक नेमले गेले, पलटणीतील धर्मशिक्षकांनाही त्याचे प्रशिक्षण दिले गेले, 'बडी' म्हणजे जोडीदाराने जोडीदारावर लक्ष ठेवण्याची पद्धत आहे, मदतीसाठी दूरध्वनी सेवा आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी देशभर टेलिमानस ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही, कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी तिचा खास कक्ष उघडण्यात आला. हा क्रमांक ध्वजदिनाच्या पावतीवर छापला तरी पुष्कळ घरांत पोचेल.

परदेशातील अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. अमेरिकेच्या हवाई दलाने १९९६ पासून आत्महत्या रोखणे हे केवळ डॉक्टरांचे काम न मानता प्रत्येक तुकडीप्रमुखाची जबाबदारी ठरविली, मदत मागणाऱ्याची गुप्तता काही अंशी तरी राखली जाईल अशी तजवीज केली, आणि मदत मागणे हे कमकुवतपणाचे लक्षण नाही असे वरिष्ठांनी उघडपणे सांगावयास सुरुवात केली. त्यानंतरच्या वर्षांत त्या दलातील आत्महत्येचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे आढळले. इस्रायलने २००६ मध्ये तरुण सैनिकांनी सुट्टीत शस्त्र घरी नेण्याची प्रथा बंद केली, तेव्हा तेथील प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरले. आत्महत्येचा विचार पुष्कळदा एखाद्या लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या काही तासांत साधन हाताशी नसेल आणि माणूस जवळ असेल तर जीव वाचतो. ज्याने ठरविले तो करणारच, हा आपल्याकडील समज निराधार आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात एका तरुण अग्निवीराच्या मृत्यूनंतर त्याला लष्करी मानवंदना का दिली नाही, यावरून मोठा वाद झाला. स्वतःच्या हाताने मृत्यू ओढवून घेणाऱ्याला १९६७ च्या लष्करी आदेशानुसार मानवंदना देता येत नाही, असे लष्कराने स्पष्ट केले. आत्महत्येला गौरव प्राप्त होऊ नये, या भूमिकेत तथ्य आहे. अशा मृत्यूंचे उदात्तीकरण घातकच असते. पण मानवंदना न देणे आणि घराला वाळीत टाकल्यासारखे वागविणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर गावाने राखावयाचे आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याची विधवा 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरविते, आणि त्या एका शब्दाने ती गावात मोजली जाते, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे. सैनिकाच्या विधवेच्या वाट्याला तोच अनुभव दुसऱ्या भाषेत येतो.

माजी सैनिकांची कथा याहून अंधारात आहे. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून शिपाई किंवा नाईक घरी येतो तेव्हा त्याचे वय पस्तीस ते चाळीस असते. काल त्याच्या हाताखाली माणसे होती, बिगुलावर दिवस उजाडत होता. आज तो एखाद्या बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला असतो. घरात पंधरा वर्षे त्याच्याशिवाय चालण्याची सवय झालेली असते, मुले त्याला पाहुण्यासारखी वागवितात. कोणी शेतीत रमतो, कोणी गावच्या राजकारणात; पुष्कळांचे उत्तम चालते. काहींचे चालत नाही, आणि संध्याकाळ कॅन्टीनच्या बाटलीवर निभावते. माजी सैनिकांच्या आत्महत्या किती, याचे उत्तर आपल्याकडे मिळत नाही, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तक्त्यात सेवानिवृत्तांचा रकाना आहे, माजी सैनिकांचा नाही. अमेरिकेत तो आहे, म्हणूनच तेथे दरवर्षी सहा हजारांहून अधिक माजी सैनिक असे जातात हे कळते, त्यावर कायदे होतात, २००७ पासून त्यांच्यासाठी वेगळी दूरध्वनी सेवा चालते. नोकरी सोडल्यानंतरचे पहिले वर्ष सर्वांत जोखमीचे, हेही तेथल्या मोजणीतूनच समजले. आपल्याकडे २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होतील; उरलेले विशी-पंचविशीत परततील. हाती सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख असतील, निवृत्तिवेतन नसेल, आणि निधीवर भावकीचे, दलालांचे डोळे असतील.

या तरुणांना वाशिममध्ये कोण भेटेल? साधन जिल्ह्यात तयार आहे. २०१५ साली राज्याने विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन शेतकरी कुटुंबाला ठरावीक प्रश्न विचारतात, ताणाची लक्षणे दिसली तर त्या माणसाला उपचारांपर्यंत आणतात. वाशिम त्या चौदांत आहे. त्या प्रश्नावलीत एक ओळ वाढवावी: या घरातील कोणी सैन्यात अथवा निमलष्करी दलात आहे काय, किंवा तेथून नुकताच परतला आहे काय? आशांवर आधीच कामाचा बोजा फार आणि मोबदला थोडा, हे खरे. म्हणून वाढीव ओळीचा मोबदलाही वाढवावा. उत्तर होकारार्थी आल्यास ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळावे, आणि तेथून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला. आज ही दोन कार्यालये एकाच शहरात असून त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार होण्याचे कारणच पडत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. अशा महाविद्यालयाला मनोविकारशास्त्राचा विभाग नियमानेच लागतो. तो पूर्ण क्षमतेने उभा राहिला तर मनोरुग्णालयासाठी नागपूर गाठण्याची पाळी पुष्कळांवर येणार नाही. त्या विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाचा आठवड्यातील एक वार माजी सैनिकांसाठी ठेवावा, आणि तो कक्ष रुग्णालयात न बसता सैनिक कल्याण कार्यालयाच्या खोलीत बसवावा. निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी, ओळखपत्रासाठी, मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी माजी सैनिक तेथे येतोच. त्याच बाकावर बसून त्याला डॉक्टरांनाही भेटता येईल आणि तो कशासाठी आला होता हे कोणाला कळणारही नाही. महाविद्यालयाचे अधिष्ठाता आणि सैनिक मंडळाचे अध्यक्ष यांनी पुढच्या ध्वजदिनापूर्वी एकदा एकत्र बसले तरी याचा निर्णय होऊ शकतो.